सुभेदारांनी भरती केलेला हात

आमचे सासरे कुठलीही नवी गोष्ट घरात घ्यायच्या आधी तिची भरती घेत. छत्री असो, गाय असो, नाहीतर जावई असो. उंची, छाती, चाल, आवाज, सगळं तपासून मग निकाल द्यायचा, आणि तो दोनच शब्दांत: ‘पास’ नाहीतर ‘अनफिट’. पलटणीतून सुभेदार होऊन साताऱ्याला परतले, तरी त्यांच्या डोक्यातला भरतीचा तंबू काही उठला नव्हता. एकदा चांगला नवाकोरा प्रेशर कुकर त्यांनी दुकानदाराला परत केला. कारण काय, तर ‘शिट्टी हुकमावर मारत न्हाई, मनाला यील तवा मारतो.’

माझीही भरती झालीच. सांगलीत आमच्या घरी मला बघायला आले, तेव्हा नाव-गाव-शिक्षण विचारायचं सोडून त्यांनी मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी गेले, आले. मग म्हणाले, ‘‘लांबचं दिसतं का? त्या समोरच्या दुकानावरची पाटी वाच बगू.’’ माझ्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी पाटी वाचली, वर तिच्यातली शुद्धलेखनाची चूकही सांगितली. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘पास. पण तोंड जरा फटकळ हाय.’’ हे तोंड आयुष्यभर त्यांच्याच मागे लागणार होतं, हे तेव्हा त्यांना कुठं ठाऊक!

सगळी दुनिया त्यांना सुभेदार म्हणायची. मी समोर मामा म्हणायचे, पाठीमागे सुभेदारच. साताऱ्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा छोटा कारखाना होता. ट्रंकांच्या कड्या आणि दारांच्या बिजागऱ्या तिथं तयार व्हायच्या. हाताखाली चार-पाच माणसं, माझे यजमान, हिशेबाला आणि इंग्रजी कागद वाचायला मी, आणि प्रेसवर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. प्रेस म्हणजे विजेवर चालणारा एक जाडजूड ठोकळा. खाली साच्यात पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायानं पट्टी दाबायची, वरून ठोकळा आपटायचा, ठक! बिजागरी तयार. ती उचलायची आणि पुढचा तुकडा ठेवायचा. सुभेदार सरहद्दीवर होते तेव्हा उसाचं सगळं रान आत्याबाईंनी एकट्यानं ओढलं होतं, तेव्हा या ठोकळ्याला त्या काय भीक घालणार? त्यांच्याइतका चलाख हात त्या शेडमध्ये दुसरा नव्हता.

आणि तोच हात एक दिवस ठोकळ्याखाली सापडला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं. आम्ही सगळे गर्भगळीत झालो, आणि बाई दवाखान्यात डॉक्टरांनाच धीर देत होत्या, ‘‘आवं, बोटाचं टोकच गेलंय, नाक तर न्हाई ना गेलं!’’ जखम भरली न भरली तोच त्या पुन्हा प्रेससमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या. सुभेदारांनी लोखंडी चिमटा करून आणला, म्हणाले यानं उचल. आत्याबाईंनी तो कोपऱ्यात भिरकावला. ‘‘तव्यावरची भाकरी मी चिमट्यानं उलटत न्हाई, तर पत्रा काय उलटू?’’

त्या दिवसापासून सुभेदारांचं काहीतरी बिनसलं. प्रेसकडे पाठ करून त्यांचं टेबल असायचं. मागे ठक झालं, की यांची मान वळलीच म्हणून समजा. ठक, मान. ठक, मान. चहा निवून जायचा, समोरचं गिऱ्हाईक बोलत राहायचं, आणि यांचं लक्ष त्या स्टुलाकडे. आधी मला हसू यायचं. एकदा मी म्हटलंही, ‘‘मामा, तोफांना तुम्ही दचकत नव्हतात म्हणे, आणि ह्या डबड्याला दचकता?’’

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, ‘‘सूनबाई, तोफंचा आवाज कानात आला म्हंजे समजायचं, गोळा आपल्यावर न्हाई पडला. ह्याचं तसं न्हाई. ह्याचा आवाज आला, की तिचा हात बगावा लागतो.’’

मी त्यानंतर त्यांच्या मानेवरून त्यांना कधी चिडवलं नाही. बाकीच्या गोष्टींवरून मात्र चिडवलं, ते सोडा.

प्रेसवर दुसरं कुणी बसवावं, असं माझ्या यजमानांनी सुचवून पाहिलं. सुभेदार उसळले, ‘‘दुसऱ्याचा हात काय रस्त्यावर पडलाय व्हय रं?’’ पुढे यजमानांनी कुठल्याशा प्रदर्शनातून एक गुळगुळीत कागद आणला. त्यावर परदेशी कारखान्याचं चित्र, आणि चित्रात माणसाच्या जागी उभा असलेला लोखंडी हात. मी वाचून दाखवलं, की याला रोबोट म्हणतात, म्हणजे यंत्राचा माणूस.

‘‘माणूस नको,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘माणसं लय झाली. नुसता हात मिळतो का इचार.’’

मिळत होता. पुण्यात एका व्यापाऱ्याकडे तसलाच एक परदेशी हात विकायला होता. सुभेदार, माझे यजमान आणि मी, आम्ही तिघं निघालो. आत्याबाईंना हे सगळं खूळच वाटत होतं. ‘‘माझ्या जागी लाकूड उभं करायला निघाल्यात,’’ असं रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्या पुटपुटत होत्या. पण निघताना वाटी घेऊन दारात आल्या आणि तिघांच्याही तळहातावर दही-साखर ठेवली. त्या घरातून कुणीही कामाला निघालं, की हातावर दही ठरलेलं. परीक्षेला निघालेला दीर असो, बाजाराला निघालेली म्हैस असो. म्हशीला तळहात नसल्यामुळे तिच्या कपाळावर लावायच्या.

पुण्याचा तो गडी होता मात्र देखणा. माणसापेक्षा उंच, खांद्यापासून मनगटापर्यंत चकचकीत. सुभेदारांनी खिशातून टेप काढून त्याची उंची घेतली, मग कमरेचा घेर घेतला. टाय लावलेला विक्रेता आधी हसला, मग छातीच्या वेळी गंभीर झाला. त्या हातानं सिमेंटचं अख्खं पोतं उचलून दाखवलं. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. ‘‘जवान हाय, जवान!’’ मग त्यांनी पिशवीतून एक वांगं काढलं. वांगं प्रवासात कशाला, हे आम्हाला तोवर कळलं नव्हतं. त्यांनी ते हाताच्या वाटेत ठेवलं आणि विक्रेत्याला म्हणाले, ‘‘आता चालवा. मधी काय आलं तर थांबतो का, ते बगायचंय.’’

थांबतो कशाला! वांग्याचं तिथल्या तिथं भरीत झालं. बिया टायवर उडाल्या. विक्रेता म्हणाला, ‘‘साहेब, पण याच्यासमोर कुणी वांगं ठेवतच नाही.’’ सुभेदार म्हणाले, ‘‘आमच्यात ठिवत्यात.’’

तरीही त्या उंचीनं त्यांना भुरळ घातली होती. शिकवलं की शिकेल, असं त्यांनी साताऱ्यापर्यंत आम्हाला ऐकवलं. घरी आल्यावर शेडमध्ये त्या गड्याची जागा आखायला घेतली. कागदात त्याच्या हाताची लांबी दिली होती, तेवढा बांबू घेतला, आणि माझ्या यजमानांना मध्ये उभं करून गोल फिरवलं. बांबूच्या टोकाखाली सुभेदार स्वतः खडूनं रेघ ओढत वाकून चालले होते. वर्तुळ पुरं झालं तेव्हा त्यात प्रेस आला, पाण्याचा माठ आला, सुभेदारांचं टेबल आलं, भिंतीवरचा गणपती आला आणि शेडचं एकुलतं एक दारही आलं. ह्या रेघेच्या आत काम चालू असताना कुणी यायचं नाही, असा कागदावरचा नियम मी मोठ्यानं वाचला.

आत्याबाई वर्तुळाच्या बरोबर मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. ‘‘मग मी कुठं जाऊ?’’

‘‘भाईर.’’

‘‘भाईर? आवं, दार तर हितं आत आलंय! भाईर जाऊ कुठनं?’’

शेडभर हशा पिकला. सुभेदारांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा रेघेकडे. शेवटी स्वतःशीच म्हणाले, ‘‘बिजागरी छटाकभर, अन् उचलायला हत्ती.’’ मग पायानंच रेघ पुसून टाकली. पुण्याचा जवान अनफिट झाला.

यानंतर माझ्या भावाचं सांगलीहून बोलावणं आलं. तिथं मगदूम नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी हळदीच्या डब्यांची झाकणं उचलून लावायला हवेवर चालणारा एक छोटा हात स्वतःच तयार केला होता. मी उत्साहानं सुभेदारांना सांगायला गेले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘‘सांगलीचं एक आणलंय घरात. तेवढं बास हाय.’’

‘‘ते एक कसं निघालं?’’ मी विचारलं.

‘‘बोलतं लय. पण काम करतं,’’ एवढं त्यांना कबूल करावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही यष्टीत बसलो. हातावर दही, पिशवीत वांगं.

मगदूम किडकिडीत, बोलायला घाईचे, आणि त्यांचा हात टेबलावर ठेवलेला. शाळकरी पोराच्या हाताएवढा. टोकाला बोटं नव्हती, एक रबराची वाटी होती. ती वाटी पत्र्याला टेकायची, आतली हवा ओढून घ्यायची, पत्रा चिकटायचा; मग हात वळायचा, हवा सोडायचा, पत्रा साच्यात. बस्स, एवढंच. सुभेदारांनी टेप काढला आणि लगेच गुंडाळून खिशात ठेवला. ‘‘उंचीतच बसत न्हाई.’’

मला राग आला. सांगलीचा अपमान मी सासरी तरी किती सोसायचा? मी म्हटलं, ‘‘मामा, गोरखा पलटणीत कुठं सहा फुटी असतात?’’

सुभेदारांची हालचाल थांबली. गोरख्यांचं नाव काढलं की ते चप्पलसुद्धा नीट घालून बसत. कुठल्याशा बर्फातल्या खिंडीत एका गोरख्यानं त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. त्यांनी टेप पुन्हा काढला नाही, पण म्हणाले, ‘‘फायरिंग बगू.’’

फायरिंग म्हणजे काय, हे मगदूमांना कळेना. सुभेदारांनी साच्याच्या जागी एक कोरा कागद ठेवला आणि वाटीला खडूची पूड लावली. प्रत्येक वेळी वाटी कागदावर टेकली की पांढरा गोल उमटायचा. हात पुन्हा पुन्हा टेकत राहिला. मगदूम कासावीस झाले, ‘‘ओ सुभेदारसाहेब, जरा डावीकडं पडतंय खरं, मी सरळ करून देतो की ओ!’’

‘‘डावीकडं पडू द्या,’’ सुभेदार कागदावर ओणवे होऊन म्हणाले. ‘‘पन समद्या गोळ्या एकाच भोकात हायत. बंदूक डावी मारत असंल तर सरळ करता येती. पसरून मारणारीला कोण सरळ करणार?’’

मग वांगं. हात वांग्याला येऊन टेकला, जरा ढकलल्यासारखं केलं, आणि फुस्स करून हवा सोडून थांबला. वांग्याला ओरखडा नाही. मगदूम म्हणाले, ह्याच्यात जोरच तेवढा ठेवलाय, आणि हा मागं आल्याशिवाय प्रेसचा ठोकळा खाली यायचा नाही, अशी सोय करून देतो. आम्हाला वाटलं, झाली परीक्षा. तेवढ्यात सुभेदारांनी वांगं बाजूला केलं आणि तिथं स्वतःचा हात ठेवला, तळहात वर करून.

‘‘ओ, ओ, हात काढा की ओ!’’ मगदूम ओरडले.

‘‘चालवा.’’

वाटी खाली आली. त्यांच्या तळहातावर टेकली, फुस्स झालं, थांबली. सुभेदारांनी दुसऱ्या हातानं तिचं रबर चाचपलं. ‘‘पास,’’ म्हणाले.

हाताचं नाव गोरखाच पडलं, आणि तो यष्टीच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून साताऱ्याला आला. मगदूमांनी बसवला, संध्याकाळी चालवून दाखवला, आणि सगळं सुरळीत बघून शेवटची गाडी धरून गेले. सुभेदारांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. आत्याबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. स्टूल उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि एकट्याच माल बांधत बसल्या.

सकाळी शेड उघडून गोरखा सुरू केला, तर हा गडी पत्रा उचलेचना! टेकायचा, वर यायचा, रिकामा. पत्रा जागच्या जागी. सुभेदारांनी आधी गोडीनं घेतलं, मग ‘सावधान’ म्हणून पाहिलं, मग पलटणीतल्या ठेवणीतल्या शिव्या काढल्या. काही उपयोग नाही. हवा येत होती, हात वळत होता, पण वाटी काही धरत नव्हती. आणि मग, रागाच्या भरात, ते आत्याबाईंकडे वळले. ‘‘तूच काय तरी केलंयस. पहिल्यापास्नं तुला त्यो नकोच हुता.’’

आत्याबाई एरवी एकाला दहा सुनावणाऱ्या. त्या दिवशी उठल्या, पदर सारखा केला आणि घरी निघून गेल्या. मला मामांचा इतका संताप आला, की मी दिवसभर त्यांना चहा दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

ट्रंककॉल गेला. दुसऱ्या दिवशी मगदूम धावत आले. येताना मी घरून आत्याबाईंना हाताला धरून घेऊन आले होते. जे काय व्हायचं ते त्यांच्यासमोर होऊ दे. मगदूमांनी वाटी सोडवली, आत पाहिलं, बोट घातलं, वास घेतला, आणि आ वासून आमच्याकडे बघायला लागले.

‘‘ओ सुभेदारसाहेब, हे दही हाय की ओ! हवा ओढायचं भोकच बुजलंय. साखर पण हाय बघा, मुंग्या लागल्यात.’’

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

‘‘व्हय, मीच ठिवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मगदूमभाऊ गाडीला गेल्यावर. भरती भरती म्हनून घर डोक्यावर घेतलं हुतं न्हवं? मग भरती झालेल्या गड्याला बिन दह्याचं धाडत्यात व्हय? तुमाला लढाईवर धाडताना ठिवत हुते, तुमी माघारी आलासा. हा तर रोज माझ्या जागी त्या ठोकळ्याखाली जाणार. त्येला काय व्हायला नको, म्हनून ठिवलं.’’

एवढं बोलून मात्र त्यांनी तोंडाला पदर लावला. मीही रडले, खोटं कशाला सांगू? सुभेदार उभेच होते. सबंध आयुष्यात माफी मागायची वेळ त्यांच्यावर आलेली नसावी, निदान मागायची कशी हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी मगदूमांच्या हातातली वाटी घेतली, माठाजवळ जाऊन बसले, आणि कोमट पाणी मागवून ती स्वतः धुतली. मुंग्यासुद्धा एकेक करून बाजूला सोडल्या. मग कोपऱ्यातलं स्टूल आणून गोरख्याच्या शेजारी ठेवलं. ‘‘हितं बस,’’ आत्याबाईंना म्हणाले. ‘‘शिपाई नवा हाय. त्येच्यावर हवालदार लागतो.’’

आणि खडू घेऊन प्रेसमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘दही माणसाच्या हातावर. मशीनच्या नाही. हुकमावरून.’

त्यानंतर आत्याबाईंनी गोरख्याला असा काही धाकात ठेवला, की विचारू नका. पत्र्यांची चळत लावायची, बटण दाबायचं, आणि शेजारी बसून चहा पीत त्याला बोलायचं. ‘‘बग की नीट, ध्यान कुठं हाय तुजं?’’ त्याचा पत्रा चुकायचा नाही, पण बोलणी चुकायची नाहीत. आणि एका दुपारी मी हिशेबातून मान वर केली, तर मागे प्रेस ठक ठक चाललेला, आणि सुभेदार टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेले. चांगले घोरत होते. बोट गेल्यापासून त्या आवाजात त्यांची मान स्वस्थ राहिलेली मी प्रथमच पाहिली. आत्याबाईंनी ओठांवर ते अर्धं बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. प्रेस मात्र बंद केला नाही.

भिंतीवरचा हुकूम दर दिवाळीला चुना लागला की पुसला जायचा, आणि सुभेदार तो दर दिवाळीला पुन्हा लिहायचे. गिऱ्हाईक विचारायचं, हे दही काय प्रकरण आहे? ते म्हणायचे, ‘‘आमची अंदरकी बात हाय.’’ त्यांच्यापायी मलाही सवय लागली. माझ्या घरात आजही मिक्सर आला, की मी आधी त्याची शिट्टी, नाही, त्याचा आवाज तपासते, आणि मुलं मागे ‘पास, पास’ म्हणून ओरडतात.

पुढे काही वर्षांनी सुभेदार गेले. अंथरुणाला खिळले नाहीत की काही नाही, सकाळी उठून दाढी केली आणि गेले. अंगण माणसांनी भरलं. पलटणीतले म्हातारे मेडल लावून आले, सांगलीहून मगदूम आले आणि लहान मुलासारखे रडले. उचलायची वेळ झाली, तेव्हा आत्याबाई आतून वाटी घेऊन आल्या. मला वाटलं, गंगाजल असेल. त्या त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांचा उजवा हात उलटा करून तळहातावर दही ठेवलं. वर चिमूटभर साखर घातली.

भावकीतली एक वयस्कर बाई पुढे झाली. ‘‘अगं, आसं करत्यात व्हय? हे कुठल्या शास्तरात?’’

‘‘हुकूम हाय त्यांचा,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘दही मानसाच्या हातावर.’’

मग त्यांनी आपल्या त्या अर्ध्या बोटानं सुभेदारांची बोटं एकेक करून त्या दह्यावर मिटवली.